हिंजवडी + खराडी = घर कुठं? (की घेऊच नये?)

चौथी_लेन
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी हिंजवडी फेज ३ ला, बायको खराडीला, म्हणजे पुण्याच्या दोन टोकांना. दोघांनाही आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, आणि अर्थातच तिनातले दोन दिवस एकच. सध्या वाकडला २ बीएचके भाड्याने, २८ हजार. घरमालकांनी परवा चहाला बोलावून अतिशय प्रेमाने सांगितलं की नवीन करार ३४ चा होईल. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, त्यामुळे दर ११ महिन्यांनी टेम्पो बोलवायची हौस आता फिटली आहे.

बजेट ७५ लाख, अगदी ताणून ८०. आत्तापर्यंत रावेत, मोशी, म्हाळुंगे आणि वाघोली पाहून झालं. रावेत घेतलं तर बायको मरते, वाघोली घेतलं तर मी. मधे कुठंतरी घ्यावं म्हटलं तर औंध-बाणेरचे आकडे ऐकून आम्ही दोघं लिफ्टमध्येच एकमेकांकडे बघून हसलो.

तर प्रश्न असा: लांब का होईना स्वतःचं घ्यावं, की ऑफिसच्या जवळपास भाड्यानेच राहावं? अनुभव हवेत. 'गावाकडे जा' हा सल्ला सासऱ्यांनी देऊन झाला आहे.

---

रिकामटेकडा
दोन वन आरके घ्या. एक फेज ३ ला, एक खराडीत. शनिवारी शिवाजीनगरला भेटा. लग्नही टिकेल.

---

मुळाकाठ
आधी ७५ म्हणजे ७५ नसतात हे लिहून ठेवा. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासकट ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर ५ टक्के जीएसटी, आणखी पावणेचार लाख. झाले ८४ लाख ३० हजार. अजून एक खिळाही ठोकलेला नाही. पंखे, ट्रॉल्या, ग्रिल आणि दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स पुढे.

घर फक्त वहिनींच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. तुमचं नाव जोडलं की सवलत गेली. कर्ज तुमच्या पगारावर असेल तर बँक बहुतेक तुम्हालाही मालकीत ओढते, तेव्हा हे आधी विचारा.

६० लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता ५२ हजारांच्या आसपास. एकूण फेड सव्वा कोटीच्या घरात. आणि नवीन कर प्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही, जुन्यातली दोन लाखांची गंमत विसरा.

आता ३४ हजार भाडं महाग वाटतंय का पाहा.

---

आबा_निगडीकर
मुळाकाठ, हिशोब बरोबर असेल हो. पण मी ८४ साली निगडी प्राधिकरणात घर घेतलं तेव्हाही असाच हिशोब घालून एका मित्राने मला वेड्यात काढलं होतं. रात्री कोल्हे ओरडायचे. बस शेवटच्या स्टॉपला सोडायची आणि पुढे चालत. तो मित्र अजून भाड्याने राहतो, आता मुलाच्या घरात. भाडं वाढतं, हप्ता तेवढाच राहतो. चौथी लेन, बाळ, घ्या. जमेल तिथं घ्या. शहर आपोआप तुमच्यापर्यंत येतं.

---

पेठेतला_भाडेकरू
आबा, आदर आहेच, पण शहर येतं ते रस्ता घेऊन येत नाही ना. तुमच्या प्राधिकरणात आधी रस्ते, प्लॉट, बागांच्या जागा आखल्या आणि मग घरं आली. आता आधी बावीस मजले येतात, मग फ्लेक्स, मग टँकर. रस्त्याची जमीन ताब्यात घ्यायचं प्रकरण तोवर कोर्टात.

आणि हप्ता तेवढाच राहतो म्हणता, तो फ्लोटिंगवर राहत नाही. माझ्या मेव्हण्याची मुदत व्याजदर वाढल्यावर २० ची २६ वर्षं झाली. त्याला कळलं ते बँकेचं स्टेटमेंट काढल्यावर.

---

नीलाताई
पाण्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही वाघोलीच्या बाजूला २०१९ मध्ये घेतलं. नकाशा पाहिला, शाळा पाहिली, सूर्यप्रकाश पाहिला. पाणी कुठून येतं हे विचारलं तर सेल्समधली मुलगी म्हणाली, "मॅम, ट्वेंटी फोर बाय सेव्हन." खोटं नाही बोलली. टँकर खरंच रात्रंदिवस येतात.

आमच्या गेटवर वॉचमनकाकांकडे एक लाल कापडी बांधणीची वही आहे. त्यात वेळ, गाडी नंबर, किती हजार लिटर आणि सही. उन्हाळ्यात एका पानावर एक दिवससुद्धा मावत नाही. पहाटे सव्वापाचला तो जाड पाइप टाकीच्या तोंडाशी आदळल्याचा आवाज आला की मी उठते, गजर लावत नाही. एप्रिल-मेमध्ये मेंटेनन्सच्या वर टँकरची वेगळी पावती येते. हप्ता काढताना ती कुणी धरत नाही.

पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. हद्द कागदावर एका दिवसात वाढते हो, जलवाहिनीला खणावं लागतं.

घर पाहायला मे महिन्यात जा. आणि सेल्स ऑफिसात नाही, शेजारच्या चालू सोसायटीच्या वॉचमनशी बोला. त्याला चहा पाजा. सगळं सांगतो.

---

रिकामटेकडा
नीलाताई _/\_
लाल वहीलाही गृहप्रकल्पांसारखा रेराचा नोंदणी नंबर द्यायला हवा.

---

अर्धवट_प्लॅस्टर
पेशाने साइट इंजिनिअर. नोकरी टिकवायची आहे म्हणून हे नाव.

सॅम्पल फ्लॅट बघून कुणीही भुलू नका. तिथल्या आतल्या खोल्यांना दारं नसतात हे लक्षात आलंय का कधी? दार उघडायला जागा लागते आणि ती जागा दिसली की खोली लहान वाटते. पलंग मुद्दाम बनवून घेतलेला, लांबीला आखूड. मी स्वतः एकदा त्यावर दुपारी पडलो होतो, पाय घोट्यापासून बाहेर. कपाटाची खोली तर एवढीशी की हँगर आडवा मावत नाही. टेप घेऊन जा आणि तुमचा घरचा पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन यांची मापं लिहून न्या. सेल्सवाले टेप बघून चेहरा पाडतात, पाडू द्या.

बाकी:
भाव चटई क्षेत्रावर (कार्पेट, म्हणजे घरातली खरी वापरायची जागा) विचारा. कायद्याने विक्री कार्पेटवरच आहे, पण तोंडी अजून 'सॅलेबल' (जिने, लॉबी धरून फुगवलेलं क्षेत्र) सांगतात आणि मग ९८० चे ६८० होतात.
करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. "आज १५ भरा, ऑफर संपतेय" म्हटलं की उठा.
महारेराच्या (गृहप्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख दोन्ही पाहा. किती इमारती, किती विकल्या, कोणते खटले, सगळं तिथं असतं. लोक मिक्सर घेताना जेवढे रिव्ह्यू वाचतात तेवढंही हे वाचत नाहीत.
भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) नसताना किल्ली देत असतील तर पेढे खाऊ नका.

---

ताबा_कधी
अर्धवटराव, नाव वाचूनच डोळे भरून आले.

आमचं बुकिंग २०१३. ताबा डिसेंबर २०१६ ला मिळणार होता. मे २०१७ ला महारेरा सुरू झालं, आम्हाला वाटलं सुटलो. तर बिल्डरने चालू प्रकल्प म्हणून नोंदणी करताना स्वतःच नवीन तारीख टाकली, २०२०! तोपर्यंत भाडं १६ हजार आणि प्री-ईएमआय (ताब्याआधी भरायचं कर्जाचं नुसतं व्याज) १९ हजार, दोन्ही चालू. घरमालक विचारायचे, "तुमचं घर कुठवर आलं?" आणि मी म्हणायचो, "स्लॅब." चार वर्षं स्लॅबच.

तक्रार केली. करारातल्या तारखेपासून व्याज द्या असा आदेश मिळाला. आदेशाची प्रत फ्रेम करून लावावी अशी आहे, पैसे मात्र अजून बिल्डरकडेच. वसुलीचा कागद जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पुढे सरकतो, सरकू दे. किल्ली २०२१ ला मिळाली. वास्तुशांतीला गुरुजींनी विचारलं, संकल्प कशाचा? बायको म्हणाली, परत बुकिंग न करण्याचा.

तात्पर्य वगैरे नाही, पण चौथी लेन, तयार घर बघा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटीही लागत नाही.

---

उत्तरध्रुव
थोडं अवांतर. टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या सगळ्यात संथ वाहतुकीच्या शहरांच्या यादीत पुणे जगात चौथ्या नंबरावर आहे, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. पुढे कोलकाता आणि बंगळुरू, सगळ्यात वर कोलंबियातलं बारान्किया. ताशी १८ किलोमीटर पडतात. म्हणजे सायकलींचं शहर परत सायकलच्या वेगावर आलं, फक्त आता प्रत्येकाभोवती हजार किलोचा पत्रा आहे.

मी राहतो त्या स्टॉकहोममध्ये २००६ ला प्रयोग म्हणून आणि २००७ पासून कायमचं, मध्य शहरात गाडी नेण्यावर शुल्क लावलं. वाहनं साधारण पाचव्या हिश्शाने घटली. सुरुवातीला लोक भडकले होते, प्रयोग बघून सार्वमतात हो म्हणाले. रस्ता फुकट ठेवला की तो रांगेने वाटला जातो. रुंद करा, रांग रुंद होते.

---

पेठेतला_भाडेकरू
फक्त ३३ मिनिटं? मोजणारा पहाटे चारला निघाला असावा.

उत्तरध्रुव, शुल्क लावा, पण त्याआधी पर्याय द्या. तुमच्याकडे गाडी सोडली तर ट्रेन होती. इथे गाडी सोडली तर मी स्टॉपवर उभा राहून दुसऱ्याच्या गाडीचा धूर खाणार. हडपसर-कात्रज बीआरटी २००६ ला आणली, देशात पहिली म्हणून मिरवलं, आणि नंतर ती लेन बससाठी होती हे सांगायला जुने फोटो काढावे लागतात.

---

आबा_निगडीकर
पुलांचं बोला. विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले. बांधून १५ वर्षंही झाली नव्हती. पूल बांधला तोही कोंडीसाठी आणि पाडला तोही कोंडीसाठी.

---

रिकामटेकडा
आणि चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोट करून पाडायचा होता. देशभरचे कॅमेरे लागले, धुरळा उडाला, खाली बसला आणि पूल तिथंच! शेवटी पोकलेनने तोडला. असा बिल्डर कुठं मिळेल ते विचारा, तिथं बुक करतो.

---

सायली_म
धागा भरकटतोय म्हणून मूळ प्रश्नावर येते.

तुम्ही दोघांच्या ऑफिसची अंतरं मोजताय. मुलगी तीन वाजता शाळेतून घरी येणार, तेव्हा दार कोण उघडणार? हे मोजलंय का?

आमच्याकडेही असंच होतं, एक तळवडे, एक मगरपट्टा. वर्षभर एक्सेल शीट चालू होतं. प्रत्येक भागाला गुण, रंग, सगळं. शेवटी ज्या दिवशी पाळणाघराच्या ताईंचा फोन आला की मुलाला १०२ ताप आहे, त्या दिवशी मी मुंढव्याच्या पुलावर पन्नास मिनिटं उभी होते. शेजारच्या रिक्षातल्या आजींनी काच वाजवून विचारलं, "काय गं, रडतेस का?" त्या रात्री शीट बंद. आईच्या घरापासून चालत सात मिनिटांवर भाड्याने घेतलं. जुनी इमारत, लिफ्ट नाही, बाथरूमच्या फरशा नव्वदच्या दशकातल्या गुलाबी. नवऱ्याला रोज दीड तास जातो. पण तो चिडत नाही, कारण घरी पोर जेवलेलं असतं.

आधी ठरवा की वेळ कुणाचा जाणार. तो कुणाचा तरी जाणारच आहे. बहुतेक घरांत न बोलता तो बाईचा ठरतो.

---

मुळाकाठ
सायलीताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. माझ्या हिशोबात हा रकाना नव्हता, मान्य.

---

नीलाताई
+१०० सायली.

मगरपट्ट्यावरून आठवलं. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी जमिनी बिल्डरला विकून टाकण्याऐवजी एकत्र केल्या, चारशे एकरांच्या आसपास, कंपनी काढली आणि स्वतः भागधारक झाले. ऑफिस, शाळा, दवाखाना, घरं एकाच आवारात आखली. आतल्या आत चालत कामाला जाणारे लोक मी पाहिलेत. हेच हिंजवडीला का नाही झालं? तिथं ऑफिसं एमआयडीसीची, भोवतीची घरं ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि रस्ते कुणाचे हे खड्डा पडला की शोधायचं.

---

पेठेतला_भाडेकरू
मगरपट्टा आतून छान आहे. गेटच्या बाहेर पाऊल टाकून बघा, मग बोलू.

---

अर्धवट_प्लॅस्टर
आणि चालत कामाला जाणारा तिथं नोकरी बदलून बावधनला गेला की झालं. आयटीत किती जण एका कंपनीत पाच वर्षं टिकतात? घर २० वर्षांचं घेताय, ऑफिस दोन वर्षांचं. ऑफिस बघून घर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. मेट्रोचं स्टेशन बघून घ्या, ते नोकरी बदलत नाही.

---

मुळाकाठ
पण चालू असलेलं स्टेशन. ब्रोशरमधलं नाही. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६, पहिली गाडी मार्च २०२२, स्वारगेटला पोचली सप्टेंबर २०२४. रामवाडी ते वाघोली वाढीव मार्गाला केंद्राची मंजुरी जून २०२५ ची. त्या मंजुरीचे पैसे वाघोलीतले बिल्डर दुसऱ्या दिवसापासून चौरस फुटात घेतायत.

---

चौथी_लेन
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ऑफिस आणि मुलीचा ताप यात तीन आठवडे गेले. (हो सायलीताई, ताप. तुमचा प्रतिसाद बायकोने मला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.)

तुमचं ऐकून एक प्रयोग केला. रावेतच्या त्या साइटवर आम्ही नेहमी रविवारी सकाळी जायचो, वाकडहून अठरा मिनिटं. या वेळी सोमवारी गेलो. साइटच्या गेटसमोर साडेआठला गाडी लावली आणि तिथून फेज ३ ला निघालो, जणू तिथंच राहतोय. भूमकर चौकाच्या आधी पाऊस आला. एक पीएमपी बस वळणावर अडकली होती, तिच्या दोन्ही बाजूंनी दुचाकीवाले फुटपाथवरून निघाले होते, आणि एक शाळकरी पोरगा मागच्या सीटवर बसून पाठीवरच्या दप्तरावर पावभाजीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी ताणत होता. मी त्याला तब्बल अकरा मिनिटं बघत होतो, म्हणून एवढं लक्षात आहे. पोचलो दहा वाजून पाच मिनिटांनी. सेल्सवाल्याने 'पंधरा मिनिटं' सांगितलं होतं.

गुरुवारी बायकोने उलटा प्रयोग केला. दापोडीपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून रामवाडी, पुढे रिक्षा. दोनदा बसायला जागा मिळाली आणि तिने गाडीत अर्धं पुस्तक वाचलं. घरी आली तेव्हा भांडली नाही, हे मी नोंदवून ठेवलंय.

तर आता बघतोय ते दापोडी-कासारवाडी पट्ट्यातलं रीसेल. २००५ ची इमारत, तिसरा मजला, २ बीएचके, ६२ सांगतायत. स्टेशन चालत नऊ मिनिटं, नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी. वॉचमनला चहा पाजला, नीलाताई. त्याच्याकडे लाल वही नाहीये. मी दुचाकीने औंधमार्गे हिंजवडीला जाईन, वेळ माझा जाणार असं ठरलंय. सासूबाई कासारवाडीला राहतात, हे मूळ धाग्यात लिहायचं राहिलं होतं.

---

रिकामटेकडा
राहिलं होतं!! अठरा प्रतिसाद झाले हो!

---

आबा_निगडीकर
चांगलं केलंत. ६२ सांगतायत तर ५८ पासून सुरू करा.

---

चौथी_लेन
आबा, ५७ पासून सुरू केलंय, तुमच्याच वयाचे मालक आहेत, चहावर चहा चाललाय.

एकच अडचण. सोसायटी नोंदणीकृत आहे, पण जमीन अजून मूळ बिल्डरच्या नावावर. वीस वर्षांत कन्व्हेयन्स झालेलंच नाही. बँकेचा वकील कुरकुरतोय. यात पडावं का?

---

अर्धवट_प्लॅस्टर
पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांची हीच रड आहे, एवढ्यावरून पळू नका. मोफा या राज्याच्या फ्लॅट-मालकी कायद्यात २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात ते. बिल्डर सही देत नसला तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. सेक्रेटरींना गाठा आणि तीन गोष्टी विचारा: अर्ज केलाय का, मंजूर नकाशाची प्रत आहे का, भोगवटा प्रमाणपत्र संपूर्ण इमारतीचं आहे की अर्ध्या. तिसऱ्याचं उत्तर देताना ते खिडकीबाहेर बघायला लागले तर इथे परत या, मग बोलू.

---

चौथी_लेन
सेक्रेटरी रविवारी भेटतायत. टेप पण नेतो.

---

सायली_म
पार्किंग बघा. वाटपपत्र लेखी आहे का, की 'सगळ्यांना माहितीये ते कुणाचं' असं आहे?

---

चौथी_लेन
… सगळ्यांना माहितीये.